मनिऑर्डरीतला कृष्णात

रविवार, ३ फेब्रुवारी १९७४. कोयनानगर

आणि वर म्हणतीस कशी, तुला पायातली चप्पल सांभाळता येत न्हाई, तू आई काय सांभाळणार! आक्का, तुझं तोंड म्हणजे वंगण न घातलेलं गाडीचं चाक. स्टँडवर समद्या लोकांत बोललीस. एस्टी हलली तरी खिडकीखाली चालत चालत बोलतच होतीस. मला उत्तर द्यायला सवड मिळाली न्हाई, तर हे घे उत्तर. ठेकेदारानं नव्या सालाच्या डायऱ्या वाटल्या, त्यातली एक माझ्याकडं हाय. चौथीतनं शाळा सोडली म्हणून काय झालं, लिहिता येतं मला. आई काय जेवली, काय बोलली, कशी हसली, समदं लिहिणार. उन्हाळ्यात जत्रेला आलो की ही वही तुझ्या पुढ्यात टाकणार. भाऊजींकडनं वाचून घे.

तू म्हणतीस तिला भ्रम झालाय. चुलीवर दूध ठेवून विसरती, तुला जाऊबाई म्हणून हाक मारती, दोनदा भलत्याच विहिरीवर जाऊन बसली. अगं, माणसाला जागापालट लागतो. तीन वर्सं मी हितं वर्कशॉपात राबतोय, सहा गडी एका शेडात. आता कुठं माझ्या एकट्याच्या नावावर खोली लागली. पत्र्याची हाय, पण पुढं पडवी हाय आणि नळ दारात हाय. मग आईला आणू नको तर कुणाला आणू?

प्रवास झकास झाला. पाटणच्या पुढं आई दोनदा ओकली आणि दोन्ही बारीला कंडक्टरची माफी मागितली. म्हणाली, बाबा, तुझी गाडी चांगली हाय, माझंच पोट गावठी हाय. त्यानं हसून तिला पुढची सीट दिली. मग धरणाचं पाणी दिसलं. तिनं मला विचारलं, एवढं पाणी कुणाचं रं? म्हटलं सरकारचं. तर म्हणाली, त्याला सांग की, जरा आमच्या कवठ्याकडं बी सोड म्हणावं. अख्खी गाडी हसली.

ही तुझी भ्रमिष्ट आई!

शेजारी महंमदभाई ड्रायव्हर आणि त्यांची बायको. भाबींनी चहा आणला. आईनं नाव विचारलं, त्यांनी शाहजादी सांगितलं. आई म्हणाली, एवढ्या मोठ्या नावाच्या बाईनं पत्र्याखाली कशाला ऱ्हायचं? भाबी अजून हसत असतील.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

आई पहाटं उठती. मी सहाच्या पाळीला जायच्या आत भाकरी-कालवण तयार. तीन वर्सांनी पोट भरलं माझं.

नळाला दोन्ही वक्ताला पाणी येतं हे तिला पटतच न्हाई. घागर भरली, कळशी भरली, तांबे, पातेली, माझा जेवणाचा डबा. आज गमबुटात पाय घातला तर घोट्यापर्यंत गार पाणी. मी किंचाळलो. मग दोघंबी पोट धरून हसलो. म्हणाली, गावात येवढ्या पाण्यावरनं बायका डोकी फोडत्यात.

सांजच्याला बारीक धक्का बसला. हितं असं चालतंच. जमिनीखालनं घरघर येती, फळीवरची भांडी वाजत्यात, नवी माणसं भाइर पळत्यात. आई जागची हलली न्हाई. भुईकडं कान करून म्हणाली, खाली कोण दळतंय? कोरडंच दळतंय, जात्यात दाणं न्हाईत. महंमदभाई म्हणाले, कृष्णात, तुझ्या आईला भूकंपाच्या हापिसात चिकटवूया.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

पगार झाला. दर म्हयन्याला मी सरळ पोस्टात जायचो आणि आईच्या नावानं तीस रुपयांची मनिऑर्डर करायचो. आज सरळ घरी आलो आणि नोटा तिच्या हातात ठेवल्या. वाटलं, खूश हुईल.

तिनं नोटा उलट्यासुलट्या करून बघितल्या. विचारलं, आकाराम कुठाय? अंगठा कशावर उठवू? आकाराम म्हणजे आमच्या गावचा पोस्टमन. तो पैसे मोजून देतो, मनिऑर्डरीचं खालचं कुपन वाचून दाखवतो आणि अंगठा घेऊन जातो. म्हटलं, अगं मीच हितं हाय, आता पोस्टमन कशाला? तिनं नोटा डब्याखाली सारल्या आणि दाराकडं तोंड करून बसली. म्हणाली, पगार झाला न्हवं, आकाराम येईल आता.

१३ फेब्रुवारी

दुपारची आई भाबींकडं बसती, लसूण सोलून देती. आज भाबी मला म्हणाल्या, भाऊ, तुमच्यासारखा मुलगा मी बघितला न्हाई. आई त्यांना माझं कुपनावरचं लिखाण तोंडपाठ सांगती म्हणे. आई, सांजच्याला गुडघ्याला तेल लाव. आई, चांदी म्हशीच्या डोळ्यात औषध घातलंस का. आई, तुझा खोकला मला हितवर ऐकू येतो.

मी हूं हूं करून घरात आलो.

मी हे कवाच लिहिलं न्हाई. कुपनावर जागा चार बोटांची. तीन वर्सं दर बारीला मी एकच लिहितोय, पैशे धाडले ठीक हाय कृष्णात. चांदीच्या डोळ्याला काय तरी झालं होतं, हे मला आज कळलं.

मग हे लिहिलं कुणी?

आज कालवणात मीठ न्हवतं. विसरली असंल. तसंच जेवलो.

१८ फेब्रुवारी

मी दारातनं आत येतो तवा आई आधी माझ्या पायांकडं बघती, मग तोंडाकडं. रोज. मला वाटलं, नव्या बुटांचं कौतुक. आज म्हणाली, पाव्हणं, बूट भाइरच काढा. मी हसलो. ती हसली न्हाई. तिनं डोक्यावरनं पदर पुढं ओढला, परक्या गड्यापुढं ओढत्यात तसा.

मी म्हटलं, आई, चेष्टा पुरे. ती म्हणाली, आवं, आई कशाला म्हणता, माझा लेक हाय तुमच्याच वयाचा.

तासाभरानं परत नीट. माझ्या डोक्याला तेल लावलं, कृष्णा म्हणाली. आक्का, तासभर नीट होती, हे बी लिहून ठेवतो.

कालवण आज बी अळणी.

रविवार, २४ फेब्रुवारी

सुट्टी. दुपारी आईनं दोन पाट मांडले, दोन ताटं वाढली. मी बसाया गेलो तर म्हणाली, पाव्हणं, जरा सरकून बसा, ती जागा कृष्णातची हाय.

रिकाम्या पाटाशी ती बोलत होती. बोलून थांबायची, ऐकायची, मान हलवायची. त्याच्या कसल्याशा बोलण्यावर हसली बी. मग मला म्हणाली, माझा लेक म्हणतोय पाव्हण्यांना बी वाढ, उपाशी दिसत्यात.

माझं टाळकं फिरलं. ताट लाथाडलं. ओरडलो, मी कृष्णात, मी! कपाळावरची ही खोक बघ, बैलानं शिंग मारलं तवा तूच हळद दाबली होतीस. ती जवळ आली. बोटानं खोक चाचपली, हळू, लहानपणी चाचपायची तशी. मला वाटलं, आता. आता वळखंल.

म्हणाली, तोंड त्याचं घेतलंसा, सदरा त्याचा घेतलासा. खोक बी सोडली न्हाईसा?

आणि म्हणाली, माझा कृष्णात कवा आवाज चढवत न्हाई.

खरंय. तो न्हाई चढवत.

१ मार्च

आज तिच्या ताटातलं कालवण बोटानं चाखलं. त्यात मीठ हाय. एकाच पातेल्यातलं, पण माझं ती आधी काढून ठेवती आणि मीठ मागनं घालती. रोज. मोजून.

आक्का, तुला सांगाया नको. आपल्याकडं लांब मुलखात मेलेलं माणूस आपल्याच रूपात घरी परत येतं म्हणत्यात. त्याची पावलं उलटी हायत का बघायची. त्याला अळणी वाढायचं. मीठ खाल्लं की ते घर सोडत न्हाई.

ती विसरत न्हाई गं. ती मला जपून वाढती.

न्हाताना मी माझी पावलं बघितली. खोटं कशाला लिहू. दोनदा बघितली.

४ मार्च

दवाखान्यात नेलं. डाक्तर म्हणाले, वयानं मेंदू वाळतो, औषध न्हाई, तिच्या कलानं घ्या. मग तिला विचारलं, आजी, मुलं किती? म्हणाली, दोन. लेक नांदती, ल्योक नोकरीला हाय, दर म्हयन्याला पैसे धाडतो, लय मायाळू लिहितो. मग हे कोण, असं माझ्याकडं बोट केलं. ती टेबलावर वाकली आणि बारीक आवाजात म्हणाली, डाक्तरसाहेब, गेल्या म्हयन्याची मनिऑर्डर आली न्हाई. माझ्या लेकाचं काय तरी बरंवाईट झालंय. आणि त्या दिसापास्नं हे त्याच्या कपड्यात येतंय.

मनिऑर्डर मी थांबवली. तिला हितं आणली म्हणून थांबवली. मीच मारला त्याला.

७ मार्च

पगार. पाळी सुटल्यावर घराकडं निघालो. चाळीच्या कोपऱ्यावर तीन वाटा मिळत्यात, तिथं तिकटीवर पत्रावळ. भात, दही, कापलेलं लिंबू, वर गुलाल. भाकरी आमच्या घरची, बोटांचे ठसे वळखीचे. उतारा. बाधा घराभाइर काढायला ठेवत्यात तो.

आई पडवीत हुभी होती. लांबनंच तिनं हात जोडले. म्हणाली, तिथं जेवून घे बाबा आणि तुझ्या वाटेनं जा. माझ्या पोराला मोकळा कर.

उताऱ्याला कुत्रंबी तोंड लावायला भ्यातं. मी खाली बसलो. समदं खाल्लं. गुलालासकट. माझ्यासाठी आईनं रांधलेलं होतं, आक्का. दुसऱ्या कुणासाठी न्हवतं.

महंमदभाई ट्रक थांबवून बघत होते. खाली उतरले. तांब्याभर पाणी आणून दिलं.

१० मार्च

आतनं कडी. तीन तास. भर दुपारी, ऊन पाठीत —

खिडकीच्या फटीतनं बघितलं. खुंटीवर माझा सदरा. ती त्याची बाही हातात धरून सांगत होती, ते भाइर बसलंय, लेकरा. तू हिकडं येऊ नको. कामावरच ऱ्हा. ते गेलं की मी आकारामकडनं सांगावा धाडीन.

भाबींनी हाक मारली तवा उघडलं. मला बघून मोहऱ्या फेकल्या, भुतावर फेकत्यात तशा.

आक्का, तू जिंकलीस. घेऊन येतो तिला.

रविवार, १७ मार्च. कवठे महांकाळ

गाडीत ती माझ्याशेजारी बसली न्हाई. कंडक्टरला म्हणाली, ह्या माणसाला पुढं बसवा.

स्टँडवर उतरलो. तिचं बोचकं माझ्या काखेत. समोरनं आकाराम सायकल हातात धरून येत होता. आईनं त्याला शंभर पावलांवरनं वळखलं. त्याला! पळत गेली. त्याची सायकल धरली आणि म्हणाली, आकारामा, माझ्या कृष्णातचं काय आलं का रं?

आकारामनं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी हलवली असंल मान, आठवत न्हाई. त्यानं खिशातनं कसला तरी कागद काढला. कोरा होता, मागनं ऊन आरपार दिसत होतं. आणि वाचाया लागला. आई, मी खुशाल हाय. काम लय होतं म्हणून पैसे मागं ऱ्हायले. तू रडली असशील, रडू नको. तुझी आठवण आली की मी घागर भरून ठेवतो आणि नुसता बघत बसतो —

माझ्याच तोंडचं कसं बोलत होता! न्हाई. माझ्या तोंडचं न्हाई. मला असलं कवा सुचलं?

आई हसली. कितीतरी दिसांत पहिल्यांदा. मागं वळून मला म्हणाली, ऐकलंत पाव्हणं? माझा लेक.

मागनं आकारामनं मला गाठलं. डोळं वर करीना. म्हणाला, पैशे धाडले ठीक हाय, एवढं वाचलं की म्हातारी विचारायची, अजून काय? एवढंच कसं? पहिल्या बारीला एक ओळ घातली माझ्या पदरची. मग तिला त्याचीच वाट. चूक झाली गड्या.

म्हटलं, तुमी न्हाई चुकला.

२१ मार्च. कोयनानगर

फोरमननं हजेरीला माझं नाव पुकारलं. दोनदा. शेजारच्यानं ढोसल्यावर मी हो म्हणालो. कळलंच न्हाई मला पुकारत्यात ते.

२९ मार्च

खोलीत अजून भांडी भरलेली. ओतवत न्हाईत. पाण्यावर धूळ आली.

दोन पाट मांडले मी आज. का मांडले —

८ एप्रिल

मनिऑर्डर केली. कुपनावर लिहाया पेन टेकलं, हात आपोआप पैशे धाडले ठीक हाय लिहून मोकळा झाला. दुसरं येतच न्हाई. त्याला येतं.

१२ एप्रिल

धक्का. मोठा. माणसं पळाली. मी भुईला कान लावून बसलो. दळणच हाय. ती म्हणाली होती ते खरं. कोरडंच —

कालवणात मीठ घालाया हात उचलंना.

२२ एप्रिल

आक्काचं पत्र, भाऊजींच्या अक्षरात. मनिऑर्डर पोचली. आकारामनं घोळून घोळून वाचली. आई तीनदा ऐकून पोटभर जेवली. आता रात्रीची शांत झोपती. तुझं नाव घेती दिवसभर.

मग खाली लिहिलंय. जत्रेला तू येऊ नको, कृष्णा. तू दारात दिसलास की तिला वाटंल तो मेला. तुझ्यावर राग न्हाई माझा. मी बोलले ते समदं पोटात घाल. पण येऊ नको.

आणखी एक. आकाराम या म्हयन्यात रिटायर होतो. नवा पोस्टमन लिहिलंय तेवढंच वाचणार.

३० एप्रिल

तेवढंच वाचणार.

आरशात बघितलं. तोंड त्याचं. खोक त्याची. मी कुठला — 

५ मे

महंमदभाई म्हणाले, चार लोकांत बस, एकटा पाटाशी बोलू नको. म्हटलं, शिकतोय त्याच्याकडनं. लिहाया.

तो सांगत न्हाई. आईपाशी असतो दिवसभर, हिकडं कशाला —

मंगळवार, ७ मे

पोस्टात. फॉर्म पुढ्यात. या बारीला तीसचे पंचेचाळीस करतोय. दोन खराब केले. मागं रांग, बाबू ओरडतोय. वहीवर आधी लिहितो, मग उतरवतो.

आई, मी खुशाल हाय. तू उन्हाची भाइर बसू नको.

आई, तुझ्याकडं एक पाव्हणा होता बघ, कोयनेच्या पत्र्याच्या खोलीतला. तो वाईट न्हाई गं. माझ्याच संगं कामाला हाय. मीच त्याला सांगितलं होतं, माझ्या आईला जप म्हणून. त्याला आवाज चढवायची खोड हाय, पण तू पत्रावळीवर वाढलेलं त्यानं समदं खाल्लं, टाकलं न्हाई. मला त्यानं सांगितलं, तुझी आई लय चांगली हाय.

तो कवा दारात आला तर हाकलू नको. पाय बघू नको त्याचे. आत न्हाई घेतलास तरी चालंल, पडवीत बसंल. तांब्याभर पाणी दे. आणि एखाद्या बारीला, एकाच बारीला, त्याच्या कालवणात मीठ —

कुपनाची जागा हितंच संपली. चार बोटंच असती.

रक्कम रुपये ४५. अक्षरी रुपये पंचेचा—